चौकोन शोधणारी सुई

मित्रांनो, मी स्वेटर विणायची एक जुनी सुई आहे, अॅल्युमिनियमची, टोकाशी जरा वाकलेली. पण लोकरीशी माझा संबंध तुटून पस्तीस वर्षं झाली. पुढचं सगळं आयुष्य मी कागदात काढलं.

मला धुळ्याच्या बाजारातून द्रौपदाबाईंनी आणलं. त्यांचे पती देवचंद सर कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. औषधांबद्दल जे वाचत, ते पोस्टकार्डाएवढ्या जाड कार्डांवर उतरवत. एका कार्डावर एक औषध, मधोमध त्याच्या रेणूची आकृती, खाली कुठल्या पुस्तकाचं कुठलं पान. नावावरून कार्ड सापडायचं. पण सारख्या आकृतीची औषधं एकत्र कशी शोधायची?

सरांनी प्रत्येक कार्डाच्या कडेला ओळीने भोकं पाडली. एक भोक षट्कोनाचं, एक गंधकाचं, एक चौकोनाचं. रेणूत तो भाग असला, की ते भोक कात्रीनं कडेपर्यंत कापून उघडं करायचं. मग गठ्ठा सरळ धरून त्या भोकातून लांब सुई घालायची आणि उचलायची. उघड्या भोकाची कार्डं आपोआप खाली पडतात, बाकीची सुईवर लटकून राहतात.

ती लांब सुई म्हणजे मी.

"मनी सुई कोठे शे?" अर्धा स्वेटर हातात घेऊन द्रौपदाबाई विचारत आल्या होत्या.

"अगं, स्वेटर बाजारात मिळतो. अशी कार्डं नाही मिळत."

"मंग सुईबी बाजारमाईनच लई या ना!"

सर हसले, पण मला काही सोडलं नाही.

पुढची वीस वर्षं मानाची गेली. विद्यार्थी घरी यायचे, आकृती काढून दाखवायचे, सर मला गठ्ठ्यातून घालून उचलायचे. छोटी प्रज्ञा, म्हणजे सरांची मुलगी, पडलेली कार्डं गोळा करायची. मग कॉम्प्युटर आले, सर निवृत्त झाले, चार वर्षांपूर्वी गेले. कार्डांच्या पेटीसह मी कपाटावर गेले. धूळ बसली. कुणाचं चुकलं नाही. काम संपलं की असंच होतं.

यंदा प्रज्ञा नोकरीच्या परीक्षेसाठी वरणगावहून माहेरी आली, चार वर्षांच्या शिल्पाला घेऊन. गेल्या वर्षी पेनिसिलिनच्या औषधानं शिल्पाचे ओठ सुजले होते, श्वास अडकला होता. तेव्हापासून प्रज्ञा प्रत्येक बाटली तीनदा वाचते. पण त्या दिवशी ती पेपरला गेली आणि शिल्पाचा कान ठणकू लागला. आजीनं नातीला दवाखान्यात नेलं; जुना त्रास सांगायचा राहून गेला.

संध्याकाळी प्रज्ञा परतली तेव्हा पोर तापानं फणफणत होती आणि टेबलावर नवी बाटली होती. औषधाचं नाव वेगळं होतं. दवाखाना बंद, डॉक्टरांचा फोन लागेना. मोबाइलवर दहा ठिकाणी दहा उत्तरं.

"वेळ व्हयनी, दी टाक ना व माय," आजी म्हणाली. "पोर तडफडी ऱ्हायनी."

प्रज्ञानं स्टूल घेऊन पेटी उतरवली. पेनिसिलिनच्या रेणूत चौकोन असतो आणि तोच चौकोन दुसऱ्या औषधात असला तर तेही बाधू शकतं, हे तिला पाठ होतं. तिनं मला चौकोनाच्या भोकातून घातलं आणि उचललं. नऊ कार्डं पडली. नव्या औषधाचं त्यांत नव्हतं.

ते माझ्यावर लटकत होतं. त्याचं भोक मला जाड आणि खरखरीत लागत होतं. पण सुईला बोलता येत नाही, मित्रांनो.

आजीनं चमचा पुढे केला. प्रज्ञानं तो घेतला आणि परत ठेवला. तिला हुशारी नाही सुचली, भीती सुचली. तिनं लटकलेल्या गठ्ठ्यातून तेच कार्ड काढून दिव्याखाली धरलं. सरांच्या हातची आकृती होती. मधोमध चौकोन. आणि कडेला, कापलेल्या भोकावर, खळीनं चिकटवलेली कागदाची पट्टी.

"आई, हे कुणी केलं?"

द्रौपदाबाईंनी पट्टीवरून बोट फिरवलं. "मीच चिकटाडेल शे. सर गयात, तवय पेटी पुसी. माले वाटनं, कार्डं फाटेल शेतस. त्यासना हातनी वस्तू... नीट ऱ्हावाले पाहिजे ना?"

प्रज्ञा डॉक्टरांना पुन्हा पुन्हा फोन लावत राहिली. सातव्यांदा लागला.

"बरं झालं विचारलंत," डॉक्टर म्हणाले. "हे अजिबात देऊ नका. लगेच दुसरं लिहून देतो."

शिल्पाचा ताप तिसऱ्या दिवशी उतरला. पण आजी त्या दोन दिवसांत धड जेवली नाही.

मित्रांनो, प्रेमानं केलेली दुरुस्तीसुद्धा आधी विचारून करा. आणि माझ्यासारख्या साधनानं 'नाही' म्हटलं, म्हणून डोळे मिटून घेऊ नका. मी फक्त भोक ओळखते, आकृती नाही. ती माणसानंच पाहायची असते.

आता दुपारी मायलेकी पेटी घेऊन बसतात. एकेक कार्ड तपासतात. रसायनशास्त्राचं अक्षर न शिकलेल्या द्रौपदाबाई ओल्या बोटानं पट्टी भिजवतात आणि ती सोलण्याआधी दर वेळी थांबून लेकीला विचारतात, "हाई उघडं ठेवानं, का बुजेलच ऱ्हाऊ देवानं?"