कॅप्टन टंगस्टनचे डोळे

कॅप्टन टंगस्टनची उंची बत्तीस मिलिमीटर आणि त्याचा डोळा अर्ध्या मिलिमीटरहून किंचित मोठा. हे मी व्हर्नियर लावून मोजलंय. ज्या गोष्टीत आपण दरवेळी नापास होतो, ती निदान नीट मोजलेली असावी.

मी अंबरनाथच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये रंगांची तपासणी करते, बदलापूरला शिरगावात राहते आणि सुट्टीच्या दिवशी बोर्डगेममधले प्लास्टिकचे सुपरहिरो रंगवते. झगा, चिलखत, बूट, गंजलेली तलवार, सगळं जमतं. डोळे जमत नाहीत. गेल्या वर्षी क्लबच्या स्पर्धेत माझ्या हिरोचा एक डोळा कल्याणकडे होता आणि दुसरा कर्जतकडे.

"मनाली, हा जगाला वाचवणार?" सनी म्हणाला होता. "पहिले इसको कोई रस्ता क्रॉस करवा दो."

सनी अंबरनाथला मोबाइल दुरुस्त करतो. दिवसभर भिंगाखाली मुंगीएवढे पार्ट चिकटवणाऱ्या माणसाला डोळे काढणं म्हणजे चुन्याने भिंत रंगवण्यासारखं. तोच जिंकला.

यंदा मात्र मला जिंकायचंच होतं. उल्हासनगर कॅम्प एकमध्ये धर्मेशचं पडद्यांच्या कापडाचं दुकान आहे, त्याच्या माळ्यावर आमचा अकरा जणांचा क्लब भरतो. चौदा महिने वाट पाहून तिथे नवा गेम आला होता. त्यात सव्वीस हिरो आणि एकच खलनायक, वीतभर उंचीचा डॉक्टर पॅराबोला. सगळे राखाडी, कोरे. धर्मेशने जाहीर केलं, "प्रत्येकाने आपापल्याकडचा एक-एक हिरो रंगवून आणा. जो जिंकेल, तो ही अख्खी पेटी रंगवणार." मी त्याच दिवशी सत्तावीस जणांच्या रंगांची प्रमाणं वहीत लिहून टाकली. पेटी अजून माझी व्हायची होती, हा तपशील मी दुर्लक्षित केला.

डोळ्यांचं काय करायचं? सोळा वेळा काढले, सोळा वेळा पुसले. शेवटी मी हरिचंद्रकाकांकडे गेले.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. गावातल्या गणपतीच्या कारखान्यात त्यांनी तीस वर्षं फक्त आखणी केली, म्हणजे मूर्तीचे डोळे काढले. बाकी रंग कोणीही मारो, डोळे काकाच. क्लबच्या नियमांत मदत घेऊ नये असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. मी दोनदा वाचले होते.

काकांनी कॅप्टनला चिमटीत धरलं, दोन चष्मे एकावर एक चढवले.

"यो कोन गो?"

"सुपरहिरो आहे काका. विजेची तार हाताने पकडतो."

"वीज मंडळाचा वायरमन." काकांनी निकाल दिला. "आनि चड्डी वरून का घातली?"

"ते चिलखत आहे."

"बरं. करंगळी कुठं टेकू? याला गाल पन नाय."

करंगळी त्यांनी शेवटी कॅप्टनच्या पोटावर टेकली. त्याआधी आंघोळ करून आले, कॅप्टनला पाटावर ठेवलं, पाट स्टुलावर ठेवला, मला समोरून उठवलं. आखणी चालू असताना मूर्तीसमोर कोणी बसायचं नाही. मी बाजूने बघत राहिले. काका श्वास सोडत आणि तो संपता संपता कुंचला टेकवत. मी नेहमी श्वास रोखून धरायची. रोखला की नाडीचा ठोका बोटांपर्यंत येतो, हे मला, विज्ञानाच्या पदवीधर बाईला, सोळा प्रयोगांत सुचलं नव्हतं.

चार मिनिटांत डोळे झाले. मी खाली बसून पाहिलं. प्लास्टिकचा वायरमन माझ्याकडे बघत होता. अशा नजरेने की मला उगाच खरं बोलावंसं वाटलं.

रविवारी काका इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून माझ्यासोबत निघाले. "माझी मूर्ती हाय. बघायला नको?"

माळ्यावर चपला काढून आत गेलो. लांब टेबलावर अकरा हिरो ओळीने मांडले होते, सगळे वरून वाकून बघत होते. सनी माझ्या कॅप्टनवर वाकला.

"झोपला काय हा? नाही रे, खाली बघतोय. मनाली, तेरा हिरो चप्पल ढूंढ रहा है. बाहेर काढायला लावली म्हणून."

सगळे हसले. मी वाकून पाहिलं आणि मला चूक एका क्षणात कळली. गणपती मखरात उंच बसतो, माणूस खाली बसून वर बघतो. म्हणून काका नजर किंचित खाली उतरवतात. तीस वर्षं हात तसाच चालला. पण गेमच्या टेबलावर उलटं असतं. खेळाडूचा डोळा पटापासून साठ सेंटिमीटर लांब, पन्नास सेंटिमीटर वर. कोन साधारण चाळीस अंश. वरून बघणाऱ्याला कॅप्टनच्या फक्त पापण्या दिसत होत्या. आणि हा कोन काकांना सांगायचं काम माझं होतं.

काका मात्र भडकले. "मूर्ती पायाशी ठेवून कोन बघतं रं? पाट कुठाय?"

पाट नव्हता. काकांनी कोपऱ्यातले पडद्याच्या कापडाचे तीन तागे उचलले, एकावर एक टेबलावर रचले, वर कॅप्टनला उभं केलं.

"बसा खाली."

"काका, स्पर्धा आहे," धर्मेश म्हणाला.

"बस ना रं. गुढगे दुखतात काय या वयात?"

अकराच्या अकरा जण खाली बसले. कॅप्टन टंगस्टन ताग्यांवरून एकेकाकडे बघत होता. धर्मेशने नकळत खिशातला मोबाइल बंद केला. सनीचे हात जुळायला निघाले होते, ते त्याने अर्ध्यावर अडवून केसांतून फिरवले.

"ए, हा तर मला ओळखतो," तो हळूच म्हणाला.

मला वाटलं, जिंकलो.

पण धर्मेश उठला, गुडघे झटकले. "मनाली, डोळे एक नंबर. पण आपण जमिनीवर बसून गेम खेळणार का? निकाल टेबलावरचा. पेटी सनीची."

मापं माझ्याविरुद्ध होती. माझ्या वहीतली सत्तावीस प्रमाणं क्षणात निरुपयोगी झाली. सनीने पेटी काखेत मारली, जिन्यापर्यंत गेला आणि परत आला. झाकण उघडून त्याने डॉक्टर पॅराबोलाला बाहेर काढलं. पेटीत खाली त्याचा तीन मजली मनोरा होता. तो जोडला की डॉक्टर टेबलाशी बसलेल्या माणसाच्या नजरेच्या वर जात होता.

"काका," सनी म्हणाला, "हा उंच आहे. याचे डोळे तुम्ही काढा ना. माझ्याने असं नाही होणार."

काकांनी डॉक्टरला उलटसुलट करून पाहिलं.

"यो कोन?"

"विलन आहे. पूर्ण शहर उडवतो."

"मी नाय. माझी नजर गेली आता, तो वायरमन शेवटचा." मग माझ्याकडे मान वळवली. "ही काढल. हात सरळ हाय तिचा. फक्त श्वास चोरते."

सनीने मला कर्जतपासून कल्याणपर्यंत न्याहाळलं. "एक डोळा बिघडला ना, तर—"

"तर पुसेन. सोळा वेळा पुसलेत."

पुढच्या रविवारी काकांच्या घरी, स्टुलावर पाट, पाटावर डॉक्टर. काका समोरून उठले आणि बाजूला बसले. मी श्वास सोडला. तो संपता संपता कुंचला टेकवून डावा डोळा काढला, मग उजवा. दोन्ही डोळे एकाच दिशेला गेले. मी पुन्हा मोजलं. खरंच.

गेम खेळायला बसलो तेव्हा डॉक्टर पॅराबोला मनोऱ्यावरून खाली बघत होता. शांत, किंचित काळजीत, जणू आमच्यातलं कोणी आज जेवलेलं नाही. दोन डाव झाले तरी एकाही हिरोने त्याच्यावर हल्ला केला नाही. तिसऱ्या डावात त्याने निम्मं शहर उडवलं.

"मार ना त्याला," मी सनीला म्हटलं. "तुझी पाळी आहे."

"तू मार," सनी म्हणाला. "मला नाय जमणार, तो माझ्याकडेच बघतोय."