चन्नबसम्माचा कप्पा

“बाण त्या कचऱ्याच्या डब्याकडं नगा नेऊ,” बसम्मा मागून म्हणाली.

“कुठं न्यायलोय?” बसप्पा खेकसला.

सेलूच्या कापूस बाजारातला हा मापाडी टीव्हीपुढं मांडी घालून बसला होता, मुठीत माऊस धरून. टीव्हीला जोडलेला कॉम्प्युटर बसम्माच्या भावानं मस्कतहून भाचीसाठी आणला होता. ती भाची, या दोघांची लेक चन्नबसम्मा, गेल्या वर्षी काविळीनं गेली.

फ्लॉपी घातली की पडद्यावर फ्लॉपीचंच छोटं चित्र उमटायचं. त्यावर दोनदा टिचकी मारली की खिडकी उघडायची, खिडकीत एक कप्पा, आणि कप्प्यात चन्नीनं आरशात बघून माऊसनं काढलेला स्वतःचा चेहरा. नाक जरा मोठंच झालं होतं. पण फोटो काढू काढू म्हणता राहूनच गेला होता, त्यामुळं घरात लेक होती ती एवढीच. पडद्यावरच्या कचऱ्याच्या डब्यात टाकलेलं परत येत नाही, असं तिनंच अप्पाला बजावलं होतं. मारक्या बैलाला घालावा तसा तो त्या डब्याला वळसा घालून जाई.

आज पडद्यावर फ्लॉपीचं चित्रच येत नव्हतं. मशीन नुसतं करकरत होतं आणि इंग्रजीत काहीतरी विचारत होतं. खाली दोन चौकटी होत्या. बसप्पा डावीकडची दाबायचा, मशीन पुन्हा करकरायचं, पुन्हा तेच विचारायचं.

“सकाळी काय केलाव तुमी?”

“काय करणार? सोमवार हाय. पूजा झाल्यावर फ्लॉपीला विभूती लावलो.”

सोमवारी तो बाजारातल्या काट्यालासुद्धा विभूती लावी, त्यात नवल नव्हतं.

“वरून?”

बसप्पानं माऊस खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, “वरून लावून तिला काय पोचतंय? तिचा पत्रा सरकवून आतल्या चकतीला लावलो. तीन बोटं. चन्नीला समाधीत बसवलं तवा कपाळाला लावलो होतो, तशीच.”

वर्षभर डब्याला भिणाऱ्या बापानं लेकीला आपल्याच हातानं पुसून टाकलं होतं. त्यानं फ्लॉपी काढली, धोतराच्या सोग्यानं चोळली, फुंकली, परत घातली. चोळल्यानं राख आणखी आत गेली असेल, हे त्याला कोण सांगणार? परत तीच करकर. मेल्याहून मेल्यासारखं झालं त्याला.

बसम्मा ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती येऊन त्याच्याशेजारी टेकली.

“ऱ्हाऊ द्या आता,” ती म्हणाली. “मला डोळे मिटले की दिसती ती. न्हाणीतून आलेली, केस पुसत. तुमाला दिसती न्हवं?”

बसप्पानं डोळे मिटले. लय जोर लावला त्यानं. मोठं नाक आलं, माऊसनं काढलेल्या वाकड्या रेघा आल्या. त्यांच्या पलीकडची पोर काही केल्या येईना.

“दिसती की,” तो म्हणाला.