ऑटिलीच्या सभेतली खुर्ची

मी एक खुर्ची. अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरातल्या एका जुन्या प्राणी हक्क संघाच्या सभेत टेबलाच्या टोकाला माझी जागा असते. माझ्यावर कोणी बसत नाही. पाय मोडलेत म्हणून नव्हे. पाय चांगले ठणठणीत आहेत.

जवळच्याच शेबॉयगन गावच्या कारखान्यात माझा जन्म झाला. मेपलचं लाकूड, आणि बैठकीवर पितळी खिळ्यांनी ताणून ठोकलेलं तपकिरी गाईचं कातडं. स्वतःची स्तुती करू नये, पण हल्लीच्या घडीच्या खुर्च्या पाहिल्या की मला त्यांची कीव येते.

माझे पहिले मालक क्रेमर खाटीक. त्यांच्या सॉसेजसाठी शनिवारी दुकानाबाहेर रांग लागायची. म्हाताऱ्या बायका माझ्यावर टेकून सुनांची उणीदुणी काढायच्या आणि अर्धा पौंड जास्तच घेऊन जायच्या. दुपारी गिऱ्हाईक कमी झालं की क्रेमरांची मुलगी ऑटिली माझ्यावर बसून अभ्यास करायची. तिचे पाय जमिनीला टेकत नसत.

एकदा मागच्या अंगणात बांधलेल्या गाईनं उघड्या दारातून डोकं आत घातलं. ऑटिलीनं आपल्या हातातलं सफरचंद तिला दिलं. संध्याकाळी ती गाय अंगणात नव्हती. ऑटिली जेवायला बसेना. क्रेमर म्हणाले, "पोरी, या दुकानाच्या जिवावर तुझ्या पायात बूट आहेत." तिनं बूट काढले आणि गल्ल्याशेजारी नेऊन ठेवले. क्रेमर तेव्हा पोट धरून हसले. पुढे ती मांस सोडून बसली ती कायमची, मग त्यांचं हसू मावळलं.

क्रेमर गेले. ऑटिलीनं सुऱ्या, वजनकाटे, मांस टांगायचे आकडे सगळं विकलं, मला तेवढं ठेवलं. त्याच रिकाम्या दुकानात तिनं संघाची पहिली सभा बोलावली. तिची मैत्रीण बर्निस मला बघून उखडलीच.

"अगं, खाटकाच्या दुकानात आपली सभा, आणि वर ही कातड्याची खुर्ची? लोक तोंडात शेण घालतील. जाळून टाक ती."

"या गाईला एकदा मारलंय. आता जाळतेस कुठे?" ऑटिली म्हणाली. तिचा हात माझ्या बैठकीवर होता. "आपण जिच्याबद्दल बोलणार, ती एकटीच इथे हजर आहे. बसू दे की तिला."

तेव्हापासून माझ्यावर माणूस बसला नाही. गर्दी झाली, खुर्च्या कमी पडल्या, तर ऑटिली स्वतः उभी राहायची. कुठलाही ठराव मताला टाकण्याआधी ती माझ्याकडे वळून विचारायची, "हिला चालेल का?" नवे लोक गालात हसायचे. एकदा एका कोंबडीवाल्या कंपनीनं पिंजरे बोटभर रुंद केले आणि संघाची शाबासकी मागितली. सगळे भांडून भांडून थकलेले. हात वर जायला लागले होते. ऑटिलीनं माझ्याकडे बघून तोच प्रश्न विचारला. हात खाली आले. ती हट्टी होती, तिच्या जिभेपायी चांगली माणसं संघ सोडून गेली, हेही मी पाहिलंय. पण तो प्रश्न कुणाला खोडता आला नाही.

ऑटिली थकली तेव्हा तिनं कारभार मॅरिसोलच्या हाती दिला. मॅरिसोल मनानं निर्मळ, कामाला वाघ. संघाचा सुवर्णमहोत्सव आला तसं तिनं ठरवलं की ऑटिलीला काहीतरी अपूर्व द्यायचं. मला गल्लीतल्या कारागिराकडे पाठवलं. त्यानं माझं कातडं उपटलं, वर निळं नकली कापड लावलं आणि पाठीवर पितळी पाटी ठोकली: संस्थापिका ऑटिली क्रेमर यांचे आसन. पाटीचे स्क्रू दुखले नाहीत. कातडं निघालं तेव्हा मात्र मी रडले असते, खुर्चीला रडता येत असतं तर.

समारंभाला सभागृह भरलं होतं. बर्निसच्या खांद्याचा आधार घेत ऑटिली आली. मॅरिसोलनं मला पुढे सरकवलं.

"बसा ना ऑटिली. आता ही तुमची. कातडंसुद्धा काढून टाकलं तुमच्यासाठी."

टाळ्या सुरू झाल्या. ऑटिलीनं माझ्या बैठकीवर हात फिरवला, पुन्हा फिरवला.

"ती कुठे गेली?"

"कोण?"

"गाय."

टाळ्या थांबल्या. मॅरिसोलचा चेहरा उतरला. "कारागिराकडे असेल. नाहीतर कचऱ्यात."

"जन्मभर मी हिला जाळ म्हणत आले," बर्निस मॅरिसोलला म्हणाली, "आता उभी काय राहिलीस? जा, शोधून आण."

मॅरिसोल समारंभाच्या कपड्यांतच धावली. लोकांनी ऑटिलीसाठी दुसरी खुर्ची आणली. "आधी गाईला येऊ दे," म्हणून ती उभीच राहिली, माझी पाठ घट्ट धरून. तिचा सगळा भार माझ्यावर आला होता. कुणीतरी माझ्यावर बसावं असं मला आयुष्यात इतकं कधी वाटलं नव्हतं.

मॅरिसोल परत आली ती काळ्या हातांनी. कातड्याला भुसा आणि जुना कापूस चिकटलेला. तिनं माझी पाटी काढली, निळं कापड फाडलं आणि स्वतः हातोडी घेऊन बसली. खिळे सगळे वाकडे गेले.

"माझं नाव विसरलात तरी चालेल," ऑटिली तिला म्हणाली, "हिला विचारायला विसरू नका." मग ती घडीच्या खुर्चीवर बसली, समारंभासाठी केलेलं सोयाचं सॉसेज चावून पाहिलं आणि म्हणाली, "बाबांच्या हाताची सर नाही." सगळं सभागृह हसलं. मॅरिसोल हसता हसता रडली.

त्याच हिवाळ्यात ऑटिली गेली. माझ्या पाठीवर पाटीची भोकं आहेत, कातडं एका बाजूला ओढलं गेलंय. "हिला चालेल का?" हे आता मॅरिसोल विचारते. तुम्हीही कधी हजर नसलेल्या कुणाचा फैसला करायला बसलात, तर एक जागा सोडा, एवढंच माझं मागणं.

परवाच्या सभेला एक नवा वकील घाईत आला आणि त्यानं आपला जाड कोट माझ्यावर टाकला.

"तिथे कुणीतरी बसलंय," मॅरिसोल म्हणाली.

त्याला थट्टा वाटली. त्यानं सगळ्यांच्या तोंडाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. कोट उचलून घेतला आणि बैठकीकडे बघत हळूच म्हणाला, "माफ करा."

शेबॉयगनच्या कारखान्यापासून मी या गाईसोबत आहे. हे तिला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.