नसलेली आंब्याची बाग

थाई किनाऱ्यावरच्या प्राणबुरीच्या बाजारात मासळी विकणाऱ्या बायका लमियतला मालकीणबाई म्हणत. "समुद्रकाठचं आठ खोल्यांचं घर तुमचं, आणि कोळंबीच्या भावावरून आमच्याशी भांडता होय?" लमियत हसण्यावारी न्यायची.

कागदोपत्री ते खरंच होतं. परक्या देशाच्या माणसाला इथं जमीन घेता येत नाही. म्हणून डेन्मार्कच्या हेनिंगने कंपनी काढून जमीन त्या कंपनीच्या नावे घेतली, आणि कंपनीत अर्ध्याहून जास्त हिस्सा थाई माणसाचा लागतो म्हणून तो आपल्या स्वयंपाकिणीच्या, लमियतच्या नावावर दाखवला. तो हिस्सा कधीही परत घेता यावा, म्हणून तारीख न घातलेल्या दुसऱ्या कागदावरही तिची सही घेतली. त्या वेळी तिचा चष्मा घरी राहिला होता, तर हेनिंगने स्वतःचा काढून दिला, आणि त्याने बोट ठेवलं तिथं तिने न वाचताच सही केली. तिच्या आईच्या चितेला तो घरच्या माणसासारखा उभा राहिला होता. त्याला नाही कसं म्हणायचं? समोरच्याला अवघडल्यासारखं होऊ नये, एवढ्यासाठी आमच्याकडची माणसं विहिरीतसुद्धा उतरतील.

आता अशा नावापुरत्या मालकांची सरकारी चौकशी आली होती. हिस्सा घ्यायला पैसे कुठून आणले, एवढंच लमियतने सांगायचं होतं. वकील थाविसाकने उत्तर तयार ठेवलं. "मावशी, बापाची आंब्याची बाग विकली म्हणा. बाप तर गेला. त्याला विचारायला कोण जातंय?"

लमियत दर उपोसथाला, बौद्ध व्रताच्या दिवशी, देवळात पाच शीलं घेणारी बाई. खोटं बोलावं तर शील मोडतं आणि मेलेल्या बापाच्या नावाला खोटं चिकटतं. खरं बोलावं तर हेनिंगचं म्हातारपण रस्त्यावर येतं आणि खटला तिच्यावरही होतो. तिला जेवण जाईना.

भिक्षूंचा पावसाळ्यातला वर्षावास संपला आणि देवळात दानशूर राजपुत्राची कथा गाऊन सांगायचा दिवस आला. एकेका घराने एकेक अध्याय घ्यायचा, अशी रीत. राजपुत्र आपली पोरंही दान देऊन टाकतो, तो मुलांच्या दानाचा अध्याय हेनिंगने घेतला, पण यजमान म्हणून नाव लमियतचं द्यायला लावलं. पुण्य तिला मिळावं, एवढंच त्याच्या मनात. भिक्षूंचा गळा काय सांगू! मुलं घाबरून तळ्यात उतरतात, कमळाची पानं डोक्यावर ओढून घेतात. बाप काठावरून हाक मारतो आणि बापाचा शब्द मोडवत नाही म्हणून ती ओली पोरं आपल्या पायांनी वर येतात. सारा मंडप रडला. शेवटी यजमान म्हणून लमियतचं नाव पुकारलं, लोक साधु साधु म्हणाले. तिने हात जोडले, पण मान वर केली नाही. तळ्याकाठच्या त्या पोरांना कुणी विचारलं होतं का, हेच तिच्या डोक्यात राहिलं.

चौकशीच्या दिवशी हेनिंग तिच्या शेजारी बसला. त्याला थाई बाजारापुरती यायची. अधिकारी बाईंनी पैशाचं विचारलं. थाविसाकने घसा खाकरला.

"बाग नव्हती," लमियत म्हणाली. "माझा बाप दुसऱ्यांच्या मिठागरात राबला. पैसे माझे नाहीत."

बाईंनी लेखणी खाली ठेवली, पाण्याचा पेला पुढे सरकवला. "मावशी, हे मी लिहिलं तर तुम्हीही आरोपी व्हाल. मी जरा बाहेर जाऊन येते. तुम्ही विचार करा."

ती माया लमियतला धमकीपेक्षा जड गेली. आता पुन्हा एका भल्या माणसाला नाही म्हणायचं होतं. थाविसाक कानाशी लागून बाग, बाग करत राहिला. हेनिंगला फक्त बाप हा शब्द कळला होता. तिच्या वडिलांची आठवण निघाली असं समजून त्याने तिचा हात थोपटला.

बाई परत आल्या. लमियतने तेच उत्तर दिलं. जबाब लिहून झाला, सहीसाठी पुढे आला. ती पिशवीत चष्मा चाचपू लागली, तसा हेनिंगने नेहमीसारखा आपला काढून तिच्या हातात ठेवला.

तिने तो लावला आणि पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. हेनिंग चष्म्यावाचून, खिडकीकडे बघत, हसतमुखाने थांबला होता.