भिंगरीचा गणवेश

मित्रांनो, मी एक जुनं शिलाई मशीन आहे, पायानं चालवायचं. जुनं म्हटलं की लोक लगेच 'बिचारं' म्हणतात. तसं म्हणू नका. पॅडल मारलं की मी थोडं कुरकुरते खरं, पण माझा टाका अजून सरळ पडतो.

कारखान्यात ओतीव लोखंडातून माझं अंग घडलं. त्यावर काळा रंग चढला, सोनेरी वेलबुट्टी उमटली. दुकानात एका तरुण बाईनं माझं चाक फिरवलं, कान लावून आवाज ऐकला आणि नवऱ्याला म्हणाली, "हेच घेऊ या." तेव्हापासून मी तिच्या खिडकीशी आहे. मध्ये एकदा घरात विजेवरचं मशीन आलं, तेव्हा माझ्यावर चादर पडली आणि चादरीवर इस्त्रीच्या कपड्यांचा ढीग. पण पँटच्या गुडघ्याला जाड ठिगळ लावायची वेळ आली आणि त्या नव्या पाहुण्याची सुई मोडली. चादर निघाली!

आमचं काम गणवेशांचं. वस्तीतल्या सगळ्या शाळा माझ्या सुईखालून गेल्या आहेत. गल्लीच्या टोकाच्या सरकारी शाळेचा निळा गणवेश, मोठ्या खाजगी शाळेचा चौकड्यांचा. नदीपलीकडच्या मुक्त शाळेला गणवेशच नाही, पण तिथली मुलं झाडावर चढून जे फाडून आणतात ते शिवायला आमच्याकडेच येतं.

शाळेत काय झालं विचारलं की मुलं 'काही नाही' म्हणून पळतात. कपडे मात्र बोलतात. एकाच वर्गातल्या पोरांच्या कॉलरी चघळलेल्या आल्या की आमची शिवणारी बाई हळहळते, "कुणाला एवढं घाबरत असतील ही?" आणि सरकारी शाळेचे कपडे तर कितीतरी वर्षं नव्यासारखेच यायचे, थोरल्याचे धाकट्यासाठी आखूड करायला. मला अभिमान वाटायचा, काय मजबूत माझी शिवण! मग बाईच एकदा म्हणाली, "मुलं शाळेत टिकतच नाहीत. रोज गेली असती तर कापड विरलं असतं."

आणि एक दिवस शाळेचा प्रश्न आमच्याच घरात आला. बाईची मुलगी सहा वर्षांची झाली. सगळे तिला भिंगरी म्हणतात, कारण नवा कपडा अंगात घातला की ती आधी गरकन फिरते आणि घेर किती फुलतो ते बघते.

तिचे बाबा वायरमन. त्यांचं ठरलेलंच होतं. "मोठ्या शाळेतली तारन् तार मी ओढलीय. माझ्या दिव्यांखाली दुसऱ्यांची पोरं शिकणार, आणि माझी नाही?"

"आणि नदीपलीकडची शाळा?" बाई म्हणाली. "तिथली मुलं किती मोकळी बोलतात."

"बोलतात खरी. पण जाण्या-येण्यातच निम्मा दिवस, पोर बसमध्येच लहानाची मोठी व्हायची! आणि अगं, गणवेश नसलेली शाळा तू कशी पसंत करतेस? स्वतःच्याच पोटावर पाय!"

बाबांची मोठी बहीण, म्हणजे भिंगरीची आत्या, दारात भाजी निवडत बसली होती. "तुम्ही दोघं गल्लीतल्या शाळेतच शिकलात ना? काय वाईट झालं?"

"काही नाही, ताई. मी खांबावर चढतो, ही सुई ओवते."

"मग? पडला नाहीस ना अजून खांबावरून!"

सगळे हसले. प्रश्न तिथंच राहिला.

शेवटी बाबांचा उत्साह जिंकला. भिंगरीला मोठ्या शाळेत मुलाखतीला नेलं, आणि निकाल यायच्या आधीच ते चौकड्यांचं कापड घेऊन आले. बाईनं वाढत्या अंगासाठी शिवणीच्या आत जादा कापडाची माया सोडून ते बेतलं. मीही जीव ओतला. इतका सुरेख फ्रॉक मी क्वचितच शिवला असेल.

भिंगरीनं तो घातला आणि हात अंगाला चिकटवून ताठ उभी राहिली.

"फिर ना," बाबा म्हणाले.

"यात फिरायचं नसतं."

"कोण म्हणालं?"

"तिथल्या मॅडम. हललीस तर घेणार नाही म्हणाल्या. मी एकदाच हलले, बाबा. पण तेव्हा त्या दुसरीकडे बघत होत्या."

बाबा तिच्याजवळ खाली बसले. फ्रॉकची बटणं त्यांनीच सोडली.

मोठी शाळा वाईट, असं मी म्हणणार नाही. तिथलेही कित्येक गणवेश छान मळून येतात. पण आमची भिंगरी तिथं मावली नसती.

बाईच्या मनात बरेच दिवस एक गोष्ट घोळत होती. गल्लीतल्या शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्यापासून तिथले कपडे फाटू लागले होते! गुडघ्याला माती, खिशात बिया, बाहीला शाई. ती म्हणाली, "एकदा बघून येऊ या का? बघायला काय जातंय?"

तिघं गेली. परत आल्यावर बाबांनी तोंड उघडलं ते तक्रारीसाठीच. "छत गळतंय. दोन खोल्यांत दिवा नाही. वायरिंग तर बघवत नाही." मग आवाज खाली आला. "मुख्याध्यापिका विचारत होत्या, दुरुस्त करून द्याल का? आणि करता करता मुलांना सांगाल का, दिवा कसा लागतो ते?"

"मग तू काय म्हणालास?" आत्यानं विचारलं.

"हो म्हणालो. भिंगरी तर तिथून निघायलाच तयार नव्हती."

आत्यानं भाजीवरची मान वर केली नाही. "म्हणजे पोरीच्या आधी तुझाच प्रवेश झाला म्हणायचा."

भिंगरी निळ्या गणवेशात गल्लीतल्या शाळेत निघाली, त्या सकाळी बाबांनी आपला कामाचा शर्ट माझ्यापुढे ठेवला. "अगं, खांद्यावर उसवलाय. जरा शिवून दे. वर्गात जायचंय, पोरं हसतील." बाईनं पॅडल मारलं. मी कुरकुरलेसुद्धा नाही.

मित्रांनो, माझ्यावरचं कारखान्याचं नाव केव्हाच पुसलं गेलं. मी चालते, कारण रोज कुणीतरी माझ्यात थेंबभर तेल सोडतं. शाळेलाही असं कुणीतरी लागतं. तेव्हा तुमच्या आई-बाबांना सांगा, शाळा निवडून झाली की हात झटकून मोकळं होऊ नका. अधूनमधून आत डोकावा, आपल्याला येतं ते थोडं तिथं घेऊन जा. आणि गणवेश फाटला म्हणून मुलांना रागावू नका. शिवायला आम्ही बसलोच आहोत.