नाडी नसलेले आजोबा

मित्रांनो, एकदाही आजारी न पडता जन्मभर खाटेवर पडून राहिलेला कुणी पाहिलाय का तुम्ही? नसेल, तर मला बघा. मी नर्सिंग शिकवणाऱ्या शाळेतला सरावाचा जुना पुतळा आहे. अंग रबराचं, आत स्प्रिंगा, आणि डोक्यावरचा काळा रंग उडून टक्कल पडलेलं. म्हणून मुली मला आजोबा म्हणतात.

कारखान्यातून खोक्यात बसून आलो तेव्हाचा माझा थाट काय सांगू! मोठ्या मॅडमनी स्वतःच्या हातांनी मला पांघरूण घातलं. पाहुणे आले की आधी माझ्यासमोर आणून उभे करायच्या. "अगदी खरा पेशंट वाटतो हो!" असं कुणी म्हटलं की माझी रबरी छाती फुगायची.

मग कामाला जुंपला गेलो. दर वर्षी नव्या मुली यायच्या आणि माझ्यावर हात बसवून घ्यायच्या. एखादी तर दंडात सुई अशी खुपसायची, जशी भिंतीत खिळा ठोकतेय. मी हूं की चूं केलं नाही. सगळ्या म्हणायच्या, "आजोबा किती गुणी!"

आमच्या शाळेची एक रीत होती. मला हात लावण्याआधी माझ्याशी बोलायचं, "आजोबा, तुमचा हात धरते हं." मग मनगट धरायचं. आता माझ्या मनगटात कुठली आलीय नाडी? आत नुसता कापूस. पण परीक्षेत प्रत्येक पायरीला गुण असत, म्हणून मनगट धरून मोठ्याने म्हणायचं, "नाडी ठीक, श्वास ठीक," आणि पुढच्या कामाला लागायचं. ते शब्द मुलींच्या तोंडात इतके बसले होते की झोपेतही म्हणाल्या असत्या.

त्या मुलींत एक होती गोगलगाय. हे नाव मैत्रिणींनी ठेवलेलं, कारण तिचं सगळंच संथ. चादर घातली तर एक सुरकुती राहू द्यायची नाही, पण तोवर बाकीच्यांच्या दोन-तीन खाटा आटोपलेल्या असायच्या. मॅडम ओरडायच्या, "अगं बाई, तुझी वाट बघून पेशंट बरा होऊन घरी जाईल!" सगळ्या हसायच्या, तीही हसायची. एकटी राहिली की मात्र माझ्या पायाशी बसून डोळे पुसायची. सकाळी वॉर्ड, दुपारी वर्ग, संध्याकाळी अभ्यास, आणि सगळीकडे एकच धोशा, आटप गं, आटप. एकदा माझ्या खाटेवर बसूनच तिने मोठ्या भावाला फोन लावला. "दादा, मला नाही रे जमत हे." पलीकडून तो काय बोलला ते मला ऐकू आलं नाही. "नको, आईला नको सांगूस," ती म्हणाली, "माझी पोर नर्स होणार म्हणून ती सगळीकडे सांगत सुटलीय."

तेव्हापासून तिने स्वतःला पळवायला सुरुवात केली. आटपायला शिकली. मॅडम खूश झाल्या. मला मात्र कसंतरीच वाटायचं, कारण तिची बोटं आता माझ्या मनगटावर नीट टेकतही नव्हती.

आणि एका दुपारी ती वॉर्डातून थेट माझ्याकडे आली. खाटेच्या कडेला बसली आणि भडाभडा बोलू लागली. वॉर्डात कोपऱ्यातल्या खाटेवर एक म्हातारे गृहस्थ होते. तिथल्या सिस्टरनी तिला त्यांची नाडी बघायला सांगितलं. हिच्यापुढे अजून अर्धा वॉर्ड पडलेला. हिने मनगट धरलं, "आजोबा, हात धरते हं," म्हणाली, आणि तोंडातून आपोआप निघालं, "नाडी ठीक, श्वास ठीक." झालं, वळली पुढच्या खाटेकडे. थोड्या वेळाने त्यांची मुलगी पाणी पाजायला आली आणि किंचाळली. आजोबा केव्हाच गेले होते.

डॉक्टर म्हणाले, हिने हात धरला त्याच्याही आधी प्राण गेला होता, कुणाला काही करता आलं नसतं. पण त्याने काय होतंय? "मी त्यांना पुतळा समजले हो," ती मला म्हणाली. "गेलेल्या माणसाला ठीक म्हणाले. त्यांची मुलगी विचारत होती, आत्ता तर तुम्ही ठीक म्हणालात ना? काय सांगू मी तिला?" तिने माझ्या छातीवर डोकं टेकलं. "मी घरी जाते. माझी लायकीच नाही."

मित्रांनो, त्या दिवशी मला माझ्या रबराची चीड आली. गप्प पडलेला माणूस ठीकच असतो, हे या पोरींना दुसऱ्या कुणी नाही, माझ्या या मुक्या अंगानेच शिकवलं होतं. आणि तिचं डोकं छातीवर असताना मला साधा उसासाही टाकता येईना.

तेवढ्यात प्रात्यक्षिक परीक्षा आली. मॅडमनी तिला दटावून उभं केलं. "एवढी दे, मग राहायचं की जायचं ते ठरव." तिने माझं मनगट धरलं आणि धरूनच राहिली. मागे मुली कुजबुजू लागल्या.

"म्हण ना गं, पुढे चल," मॅडम म्हणाल्या.

"नाडी लागत नाही, मॅडम."

"अगं, पुतळा आहे तो. ठीक म्हण."

"नाही म्हणणार. नाही लागत."

कुणीतरी फिस्सकन हसलं. ती मात्र वाकली, दोन्ही तळवे माझ्या छातीवर ठेवले आणि दाबू लागली, नाडी बंद पडलेल्या माणसाची छाती दाबतात तशी. तिचे अश्रू माझ्या तोंडावर पडत होते. आतली जुनी स्प्रिंग कडकन तुटली, छाती खाली बसली, तरी ती थांबेना. शेवटी मॅडम उठून आल्या. तिच्या हातांवर आपले हात ठेवून हळूच म्हणाल्या, "थांब पोरी. गेले ते." तशी ती मटकन खाली बसली आणि लहान मुलासारखी रडली. मॅडमही तिच्याजवळ फरशीवर बसल्या.

ती नापास झाली. पुढच्या सगळ्या पायऱ्या राहिल्या की नापास, नियमच तसा. मॅडमनी विचारलं, "परत देशील?" डोळे पुसत ती म्हणाली, "देईन. पण मला भीती वाटते, मॅडम." त्या म्हणाल्या, "वाटू दे."

माझी छाती दुरुस्त होण्यासारखी नव्हती. मला अडगळीच्या खोलीत टाकलं. मोडक्या खुर्च्यांखाली पडून आहे, अंगावर धूळ बसलीय, आणि ती पोर पुढे नर्स झाली की नाही हे सांगायला इथे कुणी येत नाही. मला इथे आणताना कानावर आलं, माझ्या जागी येणाऱ्या नव्या पुतळ्याच्या मनगटात विजेवर चालणारी नाडी आहे म्हणे. हवी तेव्हा बंदही करता येते. बरं झालं.

माझं तुमच्याकडे एवढंच मागणं आहे. कधी दवाखान्यात पडून राहायची वेळ आली आणि एखादी नवखी, घाईत असलेली मुलगी तुमचं मनगट धरायला आली, तर माझ्यासारखे गप्प राहू नका. दुखलं तर दुखलं म्हणा. आणि जमलं तर तिला विचारा, "जेवलीस का गं?" मला ते कधीच विचारता आलं नाही.