अकरा चिठ्ठ्यांची मतपेटी

मित्रांनो, माझ्या झाकणाला एक फट आहे आणि पोटात काही नाही. ह्यूरन सरोवराकाठच्या ओजिब्वे आदिवासींच्या एका वस्तीची मी जुनी मतपेटी.

माझ्याआधी इथे मतदान नव्हतं. माणसं बैठकीत दिवसदिवस बसत. न पटलेला माणूस वडीलधाऱ्यांना तोंडावर नाही म्हणत नसे, मुकाट्याने उठून घरी जाई. जागा रिकाम्या झाल्या की तो विषय संपला.

मग सरकारचा हुकूम आला : प्रमुख निवडा, चिठ्ठ्या टाकून. होड्या बांधणाऱ्या नोआ मिगिसीने उरलेल्या देवदाराच्या फळ्यांतून मला घडवलं, आणि लोकांनी त्यालाच निवडलं. काय मिरवले मी तेव्हा!

पुढे एका लाकूड कंपनीला आमचं मेपलचं रान हवं झालं. वसंतात सगळी वस्ती तिथे झाडांचा गोड रस आटवून साखर करायची. सरकारी साहेबाने मतदान लावलं : रान विकायचं का?

नोआने घरोघर सांगितलं, "कुणी जायचं नाही. पेटी रिकामी राहिली की साहेबाला उत्तर मिळेल."

त्याची मावशी अगाथा मासे साफ करत होती. बायकांना मत नव्हतं, पण तोंड होतं.

"साहेब आपल्यात वाढलाय का रे?"

"मावशी, हे आंधळ्यालाही कळेल."

"आंधळ्याला कळेल. याला डोळे आहेत, हा चिठ्ठ्याच बघणार."

कंपनीत कामाला असलेले अकरा जण तेवढे आले. मी हलकी होते आणि खूश होते. बाकीच्या एकशे सात जणांचं म्हणणं असं होतं :

[                              ]

वाचलंत ना? साहेबाने चिठ्ठ्या मोजल्या. "बाजूने अकरा. विरोधात कुणी नाही. मंजूर!"

"अहो साहेब, एकशे सात जण आलेच नाहीत!" नोआ ओरडला.

"हो ना. म्हणजे त्यांची हरकत नसणार."

पुढच्या वसंतात रानात साखरेची चूल पेटली नाही, करवती चालल्या.

त्यानंतरच्या निवडणुकीला सगळे आले. एकशे अठरा. पहिल्यांदाच मी गच्च भरले, आणि ती नोआला उतरवायला. रांगेत त्याच्याशी कुणी बोललं नाही. दाराबाहेरून अगाथाने एवढंच विचारलं, "जेवलास का रे?"

साहेबाने आकडा वाचला, "नोआ मिगिसी, शून्य." मग हसला. "यानं स्वतःलाही मत दिलं नाही की!"

बाकी कुणी हसलं नाही. मला मात्र फळ्या उसवून मोडून पडावंसं वाटलं. नोआने मारलेले खिळे निघाले नाहीत.

आता मी वस्तीच्या कचेरीत कपाटावर असते. निवडणूक आली की मला पुसतात. मित्रांनो, पुसलं नाही तरी चालेल. एवढंच करा : कुणी आलं नाही, तर मोजणी थांबवा. त्याच्या दारापर्यंत जा, विचारा. आमच्या वस्तीतलं शेवटचं दार सव्वा मैलावर होतं. साहेबाकडे घोडा होता.